ट्रॉलीच्या चाकाचा हब व आपले कर्तव्य

गाडीचा सारा भार चाकावर आणि चाकाचा सारा भार तुंब्यावर, ही गोष्ट वऱ्हाडातील शेतकऱ्यास कोणी नव्याने सांगावी अशी नाही. बंडीच्या दिवसांत एखादा आरा ढिला झाला किंवा धाव सुटू लागली, तर घरधनी चार दिवस निभावून नेई. पण तुंब्यास चीर दिसली की बंडी त्याच दिवशी सुताराच्या दारी उभी राही. आज बहुतेक ठिकाणी बंडीची जागा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली आहे व तुंब्यास आपण हब म्हणू लागलो आहोत. नाव बदलले, ओझे कितीतरी पटींनी वाढले, वेग वाढला. मात्र त्या एका वस्तूविषयीची आपली जुनी दक्षता बंडीबरोबरच गोठ्यामागे पडून राहिली, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

हे लिहिण्यास कारण घडले ते आमच्याच घरी. म्हणून प्रथम आमचा दोष पदरी घेतो. दर्यापूर तालुक्यातील आमच्या शेतावर एक दुचाकी ट्रॉली आहे. ती आम्ही जुनीच विकत घेतली. तिचा आस कोणत्या मोटारीचा, हब कोणत्या कारखान्याचा, हे घेताना आम्ही विचारले नाही व विकणारासही ते ठाऊक नव्हते. काही वर्षांपूर्वी सीतादही होऊन कापसाची वेचणी भरात आली असता, हबच्या ज्या चकतीस चाक बोल्टांनी आवळलेले असते त्या चकतीवर, दोन भोकांच्या मध्ये, केसाएवढी चीर आढळली. सुट्या भागांच्या दोन दुकानी विचारणा केली. ‘हा माल आता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. हंगाम थांबत नाही, मजूर थांबत नाहीत, आभाळाचा भरवसा नाही. तेव्हा एका कारखान्यात त्या चिरेवर वेल्डिंग करून घेतले व पुन्हा कापूस भरला. चौथ्या खेपेस, दिवस मावळता मावळता, चकती तुटून चाक निघाले व ट्रॉली एका अंगावर बसली. कापसावर बसलेला आमचा सालगडी खाली पडला आणि त्याचा उजवा हात कोपरात मोडला. औषधपाण्याचा खर्च आम्ही केला. पण तो हात अद्याप सरळ होत नाही. मालाच्या ट्रॉलीवर माणूस बसविणे कायद्यास मान्य नाही हे ठाऊक असून आम्ही त्यास बसू दिले, हा आमचा दुसरा दोष.

पुढे जे कळले ते अधिकच लाजविणारे होते. मोडका हब उघडून रॉकेलाने धुतला तेव्हा आतील बेअरिंगांवरचे क्रमांक स्वच्छ वाचता आले. ते क्रमांक व बोल्टांचे अंतर कागदावर लिहून आम्ही आसपासच्या गावी विचारपूस केली. तो अवघ्या दोन कोसांवर एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे तसल्याच आसाचे दोन चांगले हब भंगारवाल्याची वाट पाहत पडले होते! म्हणजे ज्या वस्तूसाठी आमच्या माणसाचा हात गेला, ती वस्तू हाकेच्या अंतरावर होती. तात्पर्य, उणीव मालाची नव्हती. उणीव मापाची होती. या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच.

बंडीच्या काळी हे माप कोठे असे? ते सुताराच्या हातात व लोहाराच्या डोळ्यांत असे. तुंबा, आरे, पुठे, धाव, आस ही सर्व गावातच घडत. घडविणारा गावातच राही. आणि त्याने केलेल्या चाकाची बरीवाईट कीर्ती त्यालाच ऐकावी लागे. लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला, तरी शेतापासून स्टेशनापर्यंत व पेठेपर्यंत कापूस बंडीनेच जात असे. आणि त्या बंड्यांची चाके गावोगावच्या सुतार-लोहारांनी चालती ठेविली. त्या बलुतेपद्धतीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तीत कारागिरास धान्याच्या पेंढीवर व धन्याच्या मर्जीवर जगावे लागे, हे विसरता येत नाही. परंतु वस्तू कशाची केली आहे व कोणी केली आहे, हे तेव्हा गावास ठाऊक असे. आज लेथवर हब कातून देणारा कारागीर कुशल असला तरी त्याच्यापुढे आपण नुसता तुटका तुकडा टाकतो व ‘असाच करून द्या, उद्या पाहिजे’ असे म्हणतो. माप आपण देत नाही, धातू आपण विचारत नाही, आणि अपघात झाला की दोष त्याच्या माथी मारतो. हे न्यायाचे नव्हे.

आपल्या भागातील जुन्या ट्रॉल्यांची अडचण खरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कित्येक ट्रॉल्या स्थानिक कारखान्यांत, मिळेल त्या आसावर बांधलेल्या आहेत. कोणाचा आस जुन्या जीपचा, कोणाचा मालमोटारीचा, कोणाचा भंगारातून निवडलेला. अशा ट्रॉलीस एखाद्या कंपनीचे सुट्या भागांचे पुस्तक कोठून असणार? पण ज्या वस्तूवर कंपनीचे नाव नाही, तीवरही माप असतेच. आणि हबच्या बाबतीत सुदैव असे की त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे बेअरिंग, साऱ्या जगात ठरलेल्या मापांचे मिळते. इंग्लंडात १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांसाठी एकच प्रमाण सुचविले, त्यापूर्वी एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटास बसत नसे. आपल्या ट्रॉल्यांची स्थिती आज काहीशी तशीच आहे; फरक इतकाच की प्रमाण आयते तयार आहे, ते वाचून घेण्याचा आळस मात्र आपला आहे.

यास्तव प्रत्येक ट्रॉलीधारकाने चार मापे घेऊन ठेवावी अशी आमची सूचना आहे. पहिले माप बेअरिंगांचे. बहुधा हबमध्ये दोन निमुळती रोलर बेअरिंगे असतात. आतल्या बाजूस मोठे व बाहेरच्या बाजूस लहान. त्यांच्या कड्यावर कोरलेला क्रमांक लिहून घ्यावा. ३०२१० असा क्रमांक असेल तर शेवटच्या दोन अंकांस पाचांनी गुणावे. ५० मिलिमीटर हा आतला व्यास होय. ३०२०७ असेल तर ३५. हे गणित मिलिमीटरच्या मापाच्या बेअरिंगांस लागू आहे, इंची बेअरिंगांस नाही. त्यांच्या क्रमांकात पुष्कळदा आरंभी इंग्रजी अक्षरे असतात व आतल्या भागाचा आणि बाहेरच्या कड्याचा क्रमांक वेगवेगळा असतो. उदाहरणार्थ, आतल्या भागावर एलएम ४८५४८ व कड्यावर एलएम ४८५१० असल्यास आतला व्यास एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे ३४.९२५ मिलिमीटर असतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. अशा आसावर ३५ मिलिमीटरचे बेअरिंग सहज चढते व ‘बसले’ असे वाटते. वस्तुतः ते केसभर सैल असते, भाराखाली आसावर फिरू लागते आणि थोड्याच दिवसांत आस खाऊन टाकते. अमेरिकेत लहान ट्रेलरांच्या हबची खरेदी बोल्टांचे वर्तुळ व बेअरिंगांचे क्रमांक सांगूनच होते. आपणही तसेच केले पाहिजे.

दुसरे माप बोल्टांच्या वर्तुळाचे. बोल्ट चार, सहा किंवा आठ असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर हाच त्या वर्तुळाचा व्यास. बोल्ट पाच असतील तर समोरासमोर कोणी येत नाही. म्हणून शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर घेऊन त्यास १.७० ने गुणावे. जुन्या जीपच्या चाकास पाच बोल्ट असतात. शेजारचे अंतर सुमारे ८२ मिलिमीटर भरते व गुणाकार सुमारे १४० येतो, म्हणजेच साडेपाच इंच. तिसरे माप ऑइल सीलचे: आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी. चौथे माप आट्यांचे. नट इंची आट्यांचा की मिलिमीटरचा, आणि उजव्या आट्याचा की डाव्या, हे पाहावे. जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, व ते न जाणणारा मनुष्य जोर लावून बोल्टच पिळून तोडतो.

आता कोणता भाग येथे करावा व कोणता करू नये, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. बेअरिंग कोणीही गावी करू नये, जुने कोणी घेऊ नये, आणि बिलाशिवाय कोणी विकत घेऊ नये. नामांकित कारखान्यांच्या डब्यांत नकली माल भरून विकला जातो, हे सर्वश्रुत आहे. चाकाचे बोल्ट साध्या सळईचे कातून घेऊ नयेत. ज्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ अशी मजबुतीची खूण आहे तेच घ्यावेत. टोपी, वॉशर, अंतर राखणारे कडे, आसाच्या टोकाचा खाचेचा नट हे भाग आपल्याकडील लेथवर खुशाल करावेत. हबचा सांगाडाही येथे होऊ शकतो, व तो करण्यास आम्ही उत्तेजनच देऊ. परंतु अटी सांभाळून. बेअरिंगांच्या दोन्ही बैठका लेथवर एकाच पकडीत कातल्या पाहिजेत, नाही तर दोन्हींचा मध्य एका रेषेत येत नाही व चाक वाकडे धावते. जुना हबच नमुना म्हणून वाळूत दाबून ओतीव हब काढण्याची युक्ती काहीजण करतात. परंतु ओतीव लोखंड थंड होताना शेकडा सुमारे एक आकसते, शिवाय जुना हब आधीच झिजलेला असतो. म्हणून लाकडी नमुना मापाने वेगळाच करावा लागतो. आसाचे टोक नवे करावयाचे तर ते ईएन ८ सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादाचे असावे, आणि जेथे जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो तेथे काटकोनी खाच न ठेवता गोलाई ठेवावी. आसाची चीर त्या तीक्ष्ण कोपऱ्यातूनच उगम पावते.

आणि ओतीव लोखंडाच्या हबची चीर साध्या वेल्डिंगने जोडू नये, हे तर आम्ही आमच्या अनुभवाने सांगतो. साध्या वेल्डिंगच्या कडेचे ओतीव लोखंड कठीण व ठिसूळ होते. डोळ्यांस सांधा दिसतो, पण नवी चीर त्याच्या शेजारूनच फुटते. निकेलच्या कांडीने, आधी तापवून व मागाहून सावकाश थंड करून केलेले काम त्याहून बरे, हे खरे. तथापि ज्यावर चाक व माणसांचा जीव अवलंबून आहे त्या वस्तूस तेही आम्ही पुरेसे मानीत नाही. तसेच बेअरिंगचे बाहेरचे कडे हबमध्ये फिरू लागले असता आतून पंच मारून ते घट्ट करण्याची चाल सर्वत्र आहे. ती बाजारातून घरी येण्यापुरती ठीक. तिचा इलाज म्हणजे बैठक मोठी कातून तीत पोलादी कडे दाबून बसविणे व ते पुन्हा मापात कातणे.

हब मोडतो तो बहुधा उपेक्षेने, आणि उपेक्षेची कारणे आपल्या भूमीतही आहेत. पूर्णेच्या दोहों तीरांच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे व बोअरचे पाणी खारे. त्याच पाण्याने आपण ट्रॉली धुतो व ओलीच उभी करतो. क्षाराचे पाणी सीलच्या कडेने आत शिरले की रोलरांवर गंजाचे ठिपके पडतात. काळी माती तर इतकी बारीक की घासलेल्या सीलमधून ती वंगणात मिसळून त्यास घासणीचे रूप देते. आणखी एक गोष्ट थोड्यांच्याच ध्यानात येते. दूरवर धावून तापलेला हब नाल्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते व बाहेरचे पाणी आत ओढले जाते. यास्तव नाल्यापूर्वी थोडे थांबावे. आणि पावसाळ्यात पाण्यातून वारंवार जाणे झाले असेल तर दसऱ्यापूर्वी हब उघडून वंगण बदलावे. नट आवळताना चाक फिरवीत फिरवीत किंचित अडेपर्यंत आवळावा, मग थोडा मागे घेऊन जवळच्या खाचेत नवी पिन घालावी. जुनी पिन पुन्हा वापरू नये. रस्त्यावर दोन-तीन कोस गेल्यावर उतरून दोन्ही हबांस हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर ती ट्रॉली पुढे नेणे म्हणजे संकट विकत घेणे होय.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, इतकी खटपट करण्यापेक्षा जुनी ट्रॉली मोडीत काढून नवी घ्यावी. ज्याचे ऐपतीत बसते त्याने अवश्य घ्यावी. पण ज्याची जमीन पाच-दहा एकर, ज्याची ट्रॉली वर्षातून मोजके दिवस शेणखत, तूर, कापूस किंवा संत्री वाहते, त्याने केवळ एका हबसाठी धडधाकट सांगाडा भंगारात घालावा व कर्ज काढावे, हा उपदेश आम्ही करणार नाही. दुसरा आक्षेप असा की, ‘आमची वेल्डिंग केलेली ट्रॉली दहा वर्षे चालली, काही झाले नाही’. चालली असेल, बांधावरून खळ्यापर्यंत, बैलाच्या चालीने, ती आणखी दहा वर्षेही चालेल. पण अमरावती-अकोला रस्त्यावर, मालमोटारींच्या गर्दीत, रात्री, पूर्ण भार घेऊन जाणारी ट्रॉली ही निराळी वस्तू आहे. तेथे चाक निघाले तर ते कोणाच्या अंगावर जाईल हे आपल्या हाती राहत नाही. आपल्या नुकसानीचा धोका पत्करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. वाटसरूच्या जिवाचा नाही.

आता मंडळाने काय करावे? आमची सूचना साधी व स्वल्प खर्चाची आहे. अमरावतीस एक व अकोल्यास एक अशा दोन ठिकाणी मंडळाने ‘मापांची वही’ ठेवावी. सभासदाने आपल्या ट्रॉलीची वर सांगितलेली चार मापे एका पानावर लिहून द्यावी. ज्याच्याकडे निरुपयोगी पण चांगला हब, आस किंवा चाक पडून असेल त्याने तेही लिहून द्यावे. एकाची अडचण व दुसऱ्याची अडगळ एका वहीत शेजारी शेजारी आली की निम्मे काम झालेच. वहीवरून जे दोन-तीन प्रकारचे हब अधिक आढळतील त्यांची नकाशे काढून मापे नक्की करावी व लाकडी नमुने करून मंडळातच ठेवावे, म्हणजे कोणत्याही ओतशाळेकडून, मग ती येथील असो वा कोल्हापूरकडील, दहा-वीस हब एकदम करून घेता येतील. एकेक हब महाग पडतो. वीस एकदम केले की भाव उतरतो, व काम देणारा ठाम असला की धातूविषयी प्रश्नही विचारता येतो. नकाशांच्या कामी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आणि अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांस विनंती करावी. पहिले १९६९ साली व दुसरे १९६४ साली स्थापन झालेले आहे. दोहोंत यंत्रविद्या शिकणारे तरुण आहेत, व त्यांतील पुष्कळ आपल्याच घरचे आहेत. तुटक्या हबचे माप घेऊन त्याचा नकाशा काढणे यापरते उत्तम गृहपाठ त्यांस कोणते मिळणार?

मात्र ज्या कारागिराकडून काम घ्यावयाचे त्यास मजुरी रोख, वेळेवर व पुरेपूर द्यावी, आणि घाई करू नये, अशी अट सभासदांवरही असावी. ‘उद्या पाहिजे’ या एका वाक्याने जितकी कामे बिघडली तितकी अडाणीपणाने बिघडली नसतील. हबची तपासणी चैत्र-वैशाखात, हातांस सवड असता, व्हावयास हवी. वेचणी सुरू झाल्यावर नव्हे.

आम्ही आमचे पान वहीसाठी लिहून ठेविले आहे: आतले बेअरिंग ३०२१०, बाहेरचे ३०२०७, बोल्ट सहा. त्या दोन हबांपैकी एक आज आमच्या ट्रॉलीस आहे व दुसरा वंगण लावून फडताळात ठेविला आहे. ज्या सभासदास लागेल त्याने न्यावा. आमचा सालगडी अद्याप आमच्याकडेच आहे. तो आता ट्रॉलीवर बसत नाही; निघण्यापूर्वी डाव्या हाताने दोन्ही चाके हलवून पाहतो, आणि त्याने मान डोलविल्याखेरीज आमची ट्रॉली फाटकाबाहेर पडत नाही. ही परीक्षा आम्हांस आधी सुचती तर बरे होते. वाचकांनी ती आजच सुरू करावी, एवढीच आमची विनंती आहे.